निजलेल्या इंजिनाला उठवताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे पाहून काही जणांच्या भुवया उंचावतील. "यंत्रे ही आयटीआयच्या मुलांची मिरास, तुम्ही आपले व्याकरण आणि इतिहास सांभाळा," असे कोणी म्हणेलही. परंतु थोडा विचार करून पाहा. जुन्या वस्तूवर बळजबरी न करता तिच्याकडून तिची हकीकत काढून घेणे, हाच तर आपल्या अभ्यासाचा गाभा आहे. दोनशे वर्षांची बखर हाती आली आणि तिची पाने एकमेकांना चिकटलेली असली, तर शहाणा अभ्यासक ती ओढून सोडवत नाही. वर्षानुवर्षे एका जागी उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनालाही हाच न्याय लागू पडतो. किंबहुना, नुसते उभे राहून जितकी इंजिने वाया जात नाहीत, तितकी ती पुन्हा चालू करणाराच्या पहिल्या पाच मिनिटांच्या घाईने वाया जातात. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारा त्याचा खुलासा.

कारेगाव आणि फियाट

आपल्या कारेगावला फियाट हे नाव नवे नाही. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, आणि तिच्यातल्या फियाटच्या कारखान्यात मोटारी व इंजिने तयार होतात. पण या नावाची महाराष्ट्रातली पहिली ओळख त्याहून फार जुनी. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नासच्या दशकात 'फियाट ११००' बाहेर पडू लागली. पुढे हीच गाडी नावे बदलत 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ साली थांबले; आपल्याकडे मात्र पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तयार होत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होऊन बसले होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्स्याही मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या.

या गाडीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ सी.सी.चे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही मापे फियाटने १९३७ सालीच ठरवली होती. पुढे सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ बेत तोच राहिला. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. जे काही आहे ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. म्हणून शिकण्यासाठी यासारखे इंजिन नाही.

आता अशी कल्पना करू, की गावातल्या एखाद्या वाड्याच्या पडवीत अशी एक पद्मिनी पंधरा वर्षे उभी आहे. आजोबांची गाडी. वडिलांना ती भंगारात घालायची आहे आणि घरातल्या मुलाला ती चालवायची आहे. मुलगा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणतो, वायरी जोडतो, टाकीत लिटरभर पेट्रोल ओततो आणि सेल्फ मारतो. गाडीचे भवितव्य ठरते ते इथेच. आणि बहुधा वाईट ठरते. असे का होते, ते आता पाहू.

उभ्या इंजिनाच्या पोटात काय घडते?

चालू इंजिनात तेलाचा पातळ थर प्रत्येक घासणाऱ्या भागावर पसरलेला असतो. गाडी उभी राहिली की हा थर हळूहळू खाली ओघळून चेंबरमध्ये जमा होतो. सिलिंडरच्या बिडाच्या भिंती उघड्या पडतात. चार सिलिंडरांचे इंजिन कोठेही थांबले, तरी त्यातल्या कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. त्या वाटेने सायलेन्सरमधून किंवा एअर फिल्टरमधून बाहेरची दमट हवा आत शिरते. दिवसा तापायचे आणि रात्री गार व्हायचे, या रोजच्या फेऱ्यात तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. पिस्टनच्या रिंगा भिंतीला जेथे टेकलेल्या असतात तेथे गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये मोकळीक असते ती केसाच्या जाडीइतकीच. तेवढी जागा भरायला गंजाला कितीसा वेळ लागणार? मिस्त्री ज्याला 'इंजिन जाम झाले' म्हणतात, ते हेच.

या बाबतीत आपला शिरूर तालुका नशीबवान म्हटला पाहिजे. दुष्काळ आपल्या पाचवीला पुजलेला असला, तरी कोरडी हवा लोखंडाला मानवते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत जे इंजिन पाच वर्षांत धरेल, ते आपल्याकडच्या कोरड्या पडवीत दहा वर्षांनीही हाताने फिरण्याची आशा असते. मात्र आपल्याकडे शत्रू दुसरा आहे, तो म्हणजे उंदीर. एअर फिल्टरमध्ये घरटे, वायरींचे कुरतडलेले वेष्टण आणि सायलेन्सरमध्ये साठवलेले धान्य असा संसार तेथे थाटलेला सापडतो.

पेट्रोलची गत तर तेलाहून वाईट. त्यातला लवकर पेट घेणारा हलका भाग उडून जातो. उरलेल्या भागाची हवेतल्या प्राणवायूशी क्रिया होऊन डिंकासारखा चिकट थर तयार होतो, आणि तो कार्बोरेटरच्या सुईएवढ्या जेटमध्ये बसतो. अशा पेट्रोलला जुन्या वॉर्निशसारखा वास येतो, तोच ओळखायचा. अलीकडे यात आणखी एक गोष्ट आली आहे. देशात पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पेट्रोलपासून वेगळे होऊन त्या पाण्यासह टाकीच्या तळाशी बसते. शिवाय जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. म्हणून अशा गाडीचे रबरी भाग नव्या प्रकारचे बसवून घेणे शहाणपणाचे.

उरले पाणी, वीज आणि रबर. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी भरलेले असेल, तर क्षार साचून वाटा अरुंद होतात. बॅटरी निकामी झालेली असतेच. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर काळसर थर चढतो, आणि ठिणगी पडत नाही. होज पाइप, फॅन बेल्ट व ऑइल सील वाळून तडकतात.

सेल्फ का मारायचा नाही?

सेल्फच्या मोटारीचे दातेरी चाक लहान असते आणि ते ज्या फ्लायव्हीलला फिरवते ते मोठे. या फरकामुळे सेल्फचा जोर दहा पटींहून अधिक वाढून क्रँकशाफ्टवर पडतो. रिंग भिंतीला चिकटलेली असेल, तर या झटक्याने ती सुटत नाही, तुटते. तिचा तुकडा भिंतीवर ओरखडे काढतो. व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये अडकलेला असेल, तर त्याला ढकलणारा पुशरॉड वाकतो. बेअरिंग कोरडे असेल तर धातूवर धातू घासतो. उंदराचे घरटे असेल तर ते ओढले जाऊन आत जाते. आणि हे सारे काही सेकंदांत आटोपते. पंधरा वर्षांत जे बिघडले नव्हते, ते किल्लीच्या एका वळशाने बिघडते.

म्हणून पहिल्या दिवशी करायचे काम म्हणजे चौकशी. गाडी उभी केली तेव्हा ती चालू होती का? की बिघडली म्हणूनच उभी केली? ती गरम होत होती का, धूर सोडत होती का, तेल खात होती का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. धडधाकट अवस्थेत उभी केलेली गाडी आणि आजारी म्हणून उभी केलेली गाडी यांचे उपचार वेगळे आहेत.

हाताने फिरवणे

यानंतर एअर फिल्टर उघडून घरटे असल्यास काढावे. प्लगच्या भोवतीची धूळ फुंकून साफ करावी, म्हणजे प्लग काढताना ती आत पडणार नाही. कोणती वायर कोणत्या प्लगची, यावर खुणा कराव्यात. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. वायरींची अदलाबदल झाली, तर इंजिन निरोगी असूनही चालू होणार नाही आणि आपण नसता रोग शोधत बसू.

प्लग काढल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे, आणि मग गाडीला हात न लावता निदान दोन-तीन दिवस थांबावे. हे मिश्रण रिंगांच्या फटीत मुरायला वेळ लागतो. रोज थोडे नवे घालावे. हे थांबणे म्हणजे आळस नव्हे. सगळ्या खटाटोपातले सर्वांत मोलाचे काम हेच.

मग क्रँकशाफ्टच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहावे. प्लग काढलेले असल्याने आत हवा दाबली जात नाही, त्यामुळे निरोगी इंजिन सहज फिरते. ते अडले तर थोडे पुढे, थोडे मागे असे हलवावे. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नये. त्या पाइपाच्या टोकाला बसलेला माणूस सेल्फइतकाच घातक. आठवडाभर प्रयत्न करूनही हलत नसेल, तर हेड उतरवून आत काय आहे ते पाहावे. तोही पराभव नव्हे. उघड्या डोळ्यांनी केलेले निदान केव्हाही चांगले.

इंजिन फिरू लागले की टॅपेट कव्हर काढून पुन्हा सावकाश फिरवावे. आठही व्हॉल्व्ह क्रमाने खाली जाऊन पूर्ण वर येतात की नाही, हे पाहावे. जो खालीच राहिला, तो अडकलेला. त्याच्या दांड्यावर तेल सोडून त्याला हलक्या हाताने मोकळे करावे.

तेल, मग ठिणगी, मग पेट्रोल

पुढचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी तेल, मग ठिणगी, आणि सर्वांत शेवटी पेट्रोल. उतावळा माणूस याच्या नेमका उलटा जातो.

चेंबरचा नट सैल करताच आधी पाणी ठिबकले, तर आश्चर्य मानू नये. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाला असते. जुने तेल पूर्ण काढून नवे तेल आणि नवा फिल्टर घालावा. पहिल्या काही तासांसाठी महागडे तेल नको, कारण आतला साचलेला गाळ धुऊन निघाला की तेही बदलायचेच आहे. यानंतरच चांगली बॅटरी जोडावी. प्लग अजून बाहेरच ठेवून, त्यांच्या भोकांवर फडके टाकून आणि कॉइलची वायर काढून ठेवून सेल्फ थोडा थोडा मारावा. तेलाच्या दाबाचा दिवा विझला, की तेल सगळीकडे पोचले असे समजावे. दिवा विझत नसेल तर पुढे जाऊ नये; तेलपंपाने तेल ओढलेले नाही.

दाबमापक मिळाला तर याच वेळी चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचे. एखाद्याचा कमी आला, तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. तेलाने दाब वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. चमचाभर तेलाने एवढे निदान होते.

आता ठिणगी. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून पुस्तिकेत दिलेली फट ठेवावी. प्लग वायरीला जोडून त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि सेल्फ मारावा. निळी, जोरकस ठिणगी हवी. पिवळी आणि मरगळलेली नको. जवळपास पेट्रोल असता कामा नये.

आणि मग पेट्रोल. जुन्या टाकीतले पेट्रोल वापरू नये. टाकी काढून धुवायची, ते काम नंतर सवडीने. सध्या एका लहान डब्यातून नव्या पाइपाने ताजे पेट्रोल पंपाला द्यावे. कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ करावेत. त्यात तार घालण्याचा मोह टाळावा, कारण जेटचे भोक जराही मोठे झाले तर इंजिनाचा सगळा हिशेब बिघडतो. रेडिएटर धुऊन पाणी भरावे, आणि कोठे गळते का ते तासभर पाहावे.

पहिली धडधड

गाडी उघड्यावर आणावी, बंद पडवीत चालू करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. चाकांना दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहावे, आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवावे. पाणी नव्हे, पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकले की आग पसरते. एक जण किल्लीशी आणि एक जण इंजिनाशी असे दोघे असावेत.

चोक ओढून सेल्फ मारल्यावर इंजिन खोकेल, थांबेल, पुन्हा खोकेल आणि मग पकडेल. पकडल्यावर नजर तेलाच्या दिव्यावर ठेवावी. काही सेकंदांत तो विझला नाही, तर इंजिन बंद करावे. आनंदाच्या भरात रेस देऊ नये. मिनिटाला ६०० फेऱ्या म्हणजे प्रत्येक पिस्टनच्या सेकंदाला २० धावा. इतक्या वर्षांनी जागे झालेल्याला एवढी कसरत पुरे.

सुरुवातीला दाट धूर येईल. तो आपणच ओतलेल्या तेलाचा असतो आणि काही मिनिटांत ओसरतो. तो निळसर रंगाचा येतच राहिला, तर तेल जळते आहे असे समजावे. पांढरी वाफ इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत शिरते आहे. बंद केल्यावर डिपस्टिक काढून पाहावी. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर हेड गॅसकेट गेलेले असण्याची शक्यता मोठी.

आणि इंजिन चालू झाले म्हणून गाडी रस्त्यावर काढू नये. चालणारे इंजिन आणि न लागणारा ब्रेक यांच्यासारखी वाईट जोडी नाही. ब्रेकचे रबर, ऑइल आणि पाइप, त्याचप्रमाणे टायर, हे बदलल्याखेरीज गाडी अंगणाबाहेर नेऊ नये. कागदपत्रांचेही तसेच. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडीची तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ सालापासून 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणीही आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

विहिरीवरचे भावंड

ज्यांच्या घरी मोटार नाही, त्यांच्या विहिरीवर एखादे ऑइल इंजिन उभे असू शकेल. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात स्थापन झाली, आणि विजेचे पंप येण्यापूर्वी तिच्या इंजिनांनी महाराष्ट्राचे कितीतरी मळे भिजवले. त्याला प्लग नाही आणि कार्बोरेटरही नाही. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटते. त्यामुळे तेथे ठिणगीऐवजी डिझेल पंप आणि नोझल तपासायचे. बाकी क्रम तोच. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल सावकाश फिरवणारा शेतकरी, वर सांगितलेला धडा पुस्तकावाचून जाणतो.

भंगार की जीवदान?

प्रत्येक इंजिन वाचतेच असे नाही. ब्लॉकला तडा असेल किंवा गंजाने भिंतींत खोल खड्डे पडले असतील, तर बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात, आणि खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो. तेव्हा भंगारात घालणे हा गुन्हा नाही. पण तो निर्णय आत पाहून घ्यावा, न पाहता घेऊ नये. भंगारवाला गाडी वजनावर घेतो. तिच्या पोटात फिरणारे इंजिन आहे की अडकलेले, याने त्याच्या तराजूत फरक पडत नाही. आपल्या निर्णयात पडला पाहिजे.

जे इंजिन वाचले, ते पुन्हा निजू नये म्हणून महिन्यातून एकदा तरी चांगले गरम होईपर्यंत, अर्धा तास चालवावे. पाच मिनिटे चालू करून बंद करणे हे न करण्याहून वाईट. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, आणि इंजिन तापले नाही तर ते आतच राहून गंजाला आमंत्रण देते.

शेवटी एक विनंती. कार्बोरेटर आणि पॉइंट कानाने जुळवणारे मिस्त्री आता वयस्कर झाले आहेत. नव्या इंजिनांत या दोन्ही वस्तू नाहीत, म्हणून ती विद्या शिकायला नवी मुले येत नाहीत. त्यांचे ज्ञान कोठल्या पुस्तकात नाही. ते त्यांच्या बोटांत आणि त्यांच्या शब्दांत आहे. ते शब्द गोळा करणे, ती कृती त्यांच्याच भाषेत टिपून ठेवणे, हे काम अभियंत्याचे नव्हे, आपले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या एखाद्या जुन्या गॅरेजवर वही घेऊन बसावे. पाना हातात मिळेलच असे नाही, पण चहा नक्की मिळेल, आणि वही कोरी राहणार नाही.